देगूच्या फुटबॉल क्लबास अर्ज

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाच लाथ मारली, चौथीत असताना. चेंडू हेडमास्तरांच्या चहाच्या ट्रेमध्ये पडला आणि माझी क्रीडा-कारकीर्द तिथंच आटोपली. पुढं पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. तिथं लाथ मारायची नसते, फाइल पुढच्या टेबलावर सरकवायची असते, आणि त्या खेळात मी बऱ्यापैकी नाव कमावलं. असा मी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कोरियातल्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवून रोज आंघोळीनंतर वाचू लागलो. याचं बारामतीतल्या आमच्या गल्लीला नवल वाटलं तर त्यात गल्लीची चूक नाही.

विचारणाऱ्याला मी सांगत असे, "निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा." हे साफ खोटं होतं. खरं कारण स्वरूपा.

स्वरूपा आमची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी बॅटऱ्यांवर संशोधन करायला ती दक्षिण कोरियातल्या देगू शहरी गेली, ती अजून परत आलेली नाही. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो, चेहरा दिसतो. मी विचारतो, "कशी आहेस?" ती म्हणते, "मजेत." मी विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "हो. तुम्ही?" मी म्हणतो, "आम्ही पण." एवढ्यावर माझा साठा संपतो आणि मी फोन लीलाकडे देतो. लीला म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्या "वाळलीस गं" इथून सुरुवात करतात आणि अर्धा तास बोलतात.

पण मला त्या फोनवरच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. एकतीस वर्षं मी टेबलामागे बसून लोकांचे चेहरे पाहिले आहेत. माणूस साहेबाच्या केबिनमध्ये जाताना एक चेहरा लावतो आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर बसतो तेव्हा त्याचा खरा चेहरा दिसतो. स्वरूपाचा फोनवरचा चेहरा हा केबिनमधला होता. दिवा कुठं ठेवायचा, हसू कधी सुरू करायचं, सगळं ठरलेलं. मला माझ्या पोरीचा व्हरांड्यातला चेहरा पाहायचा होता. ती खरंच मजेत आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच मला विचारता येत नव्हतं.

"अवो, सरळ म्हना की, ये म्हनून," लीला म्हणायची.

कसं म्हणणार? विमानतळावर मीच छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "आमची काळजी करायची नाही. आम्हाला इथं काही कमी नाही." लेखी नसलं तरी ते निवेदन साक्षीदारांसमक्ष झालेलं होतं. ते मागे घ्यायला काही पद्धत आहे की नाही?

अशात मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी तिचा फोन सकाळीच आला आणि दोन मिनिटांत आटोपला. "बाबा, मॅचला निघालेय," ती म्हणाली. गळ्यात आकाशी रंगाचा मफलर होता. तेव्हा कळलं, की देगूच्या फुटबॉल क्लबाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना ती चुकवत नाही. जागा ठरलेली : गोलच्या जाळ्यामागे, सातवी रांग. "तिथं पायाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा आहे बाबा. सगळे मिळून दोनदा पाय आपटायचे आणि ओरडायचं. भाषा यावी लागत नाही."

ते शेवटचं वाक्य ती हसत बोलली, पण मला तेवढंच ऐकू आलं. मी आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं, "हे सामने टीव्हीवर दाखवतात का?"

"सगळे दाखवतात."

बस्स. इथून प्रकरण सुरू झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाँदभाईंचं टीव्हीचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. चाँदभाईंनी सगळे चॅनेल धुंडाळले आणि मान हलवली. मग त्यांच्या बायकोने, ताजबीने, शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, की परदेशातल्या लोकांसाठी त्या लीगनेच एक ॲप काढलंय. ताजबी ब्लाउज शिवताना मोबाइलवर कोरियन मालिका बघते. त्यामुळे कोरियाच्या बाबतीत आमच्या गल्लीत तिचा शब्द अखेरचा. चाँदभाईंनी ॲप उतरवलं. त्यात नाव, गाव, आवडता संघ, सगळं भरलं. 'आवडता खेळाडू' या रकान्यात काय लिहावं सुचेना. रकाना रिकामा सोडणं माझ्या रक्तात नाही. मी 'स्वरूपा' असं भरलं.

पहिला सामना मी घरी, फोन तांब्याला टेकवून पाहिला. मैदानावर बावीस माणसं काय करत होती हे मला आजही सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष मागच्या गर्दीवर. पण कॅमेरा मेला चेंडूच्या मागे मागे धावायचा. चेंडू त्या जाळ्याशी गेला तरच जाळ्यामागची माणसं दिसायची, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. याचा सरळ अर्थ असा, की पोर दिसायची तर त्या बाजूला गोल व्हायला हवा. आता त्या जाळ्यात एका अर्ध्या खेळात देगूचे लोक गोल करणार आणि दुसऱ्या अर्ध्यात देगूवर गोल होणार. देगूचे लोक गोल करायच्या बाबतीत फारच सोशिक निघाले. त्यामुळे व्हायचं असं, की देगूवर गोल झाला की मी टाळ्या वाजवत उठायचो.

"दाजी, तुमी नेमके कुनाच्या पार्टीचं?" असं मला गेणबांनी विचारलं, ते अशाच एका टाळीच्या वेळी.

गेणबा हे लीलाचे थोरले बंधू. इंदापूर तालुक्यात कळसला ऊस करतात. तरुणपणी कुस्ती खेळले, आता साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा खेळतात. माइक हातात आला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. माझं आणि त्यांचं एका कागदावरून सतरा वर्षांचं वैर आहे. त्यांनी पाण्याच्या जादा पाळीसाठी आमच्या ऑफिसात अर्ज केला होता आणि मी त्यावर, नियमानुसार, 'विचाराधीन' असा शेरा मारला होता. तेव्हापासून दर दिवाळीला ते भाऊबीजेचं ताट समोर आलं की विचारतात, "काय दाजी, झाला का इचार?"

मी त्यांना लीग समजावून सांगितली. वरच्या लीगमध्ये बारा संघ. वर्षअखेर जो बारावा, त्याला खालच्या लीगमध्ये पाठवतात. शिवाय एक कप असतो. त्यात वरचे-खालचे सगळे उतरतात आणि हरला तो घरी.

"म्हंजी आपल्या जत्रंतली कुस्ती," गेणबा म्हणाले. "आन् त्यो केस भादरल्याल्या टाळक्यांचा संघ?"

"तो फौजेचा. तिकडं प्रत्येक पोराला फौजेत जावं लागतं. खेळाडू फौजेत गेला की तेवढे दिवस त्या संघातून खेळतो. दीड वर्षाने सुटला की आपापल्या क्लबात परत."

गेणबांनी बोटं मोजली. "फौजंतली पोरं दीड वर्षात माघारी येत्यात," ते म्हणाले. "आपली तीन वर्सं झाली." लीला आत चहा टाकायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

विषय बदलावा म्हणून मी स्वरूपाकडून कळलेली आणखी एक गोष्ट सांगितली : देगूचा क्लब कुठल्या कंपनीने काढलेला नाही, शहरातल्या लोकांनी शेअर घेऊन उभा केलाय. ही मी केलेली घोडचूक. गेणबा ताडकन उठले.

"शेअर? लोकांचं? आवं मंग सहकारीच की! अध्यक्ष आसंल त्याला?"

"असेल."

"मंग इतके दिस तांब्याला फोन टेकवून काय बसलाय? वजनकाटा बिघडला तर आमी निवेदन देतो. ऊसतोडीला टोळी आली न्हाय तर निवेदन देतो. कॅमेरा त्यांचाच हाय न्हवं? अध्यक्षास्नी निवेदन द्या, सातव्या रांगंकडं फिरवा म्हनावं!"

मी हसायला हवं होतं. पण निवेदन या शब्दाने माझ्या अंगात जे वारं शिरलं ते मला आवरेना. निवृत्तीनंतर तीन वर्षांत मी एकही मसुदा लिहिला नव्हता. त्याच दुपारी मी समास आखून बसलो.

'प्रति, मा. अध्यक्षसाहेब, देगू फुटबॉल क्लब. विषय : कॅमेरा जाळ्यामागील सातव्या रांगेकडे वळविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करणेत येतो की…'

"मराठीत लिवलं तर त्यास्नी कळंल का?" गेणबांनी शंका काढली.

मी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. अर्जाचा आशय भाषेत नसतो, मांडणीत असतो. वर उजवीकडे फोटो, डावीकडे समास, खाली सही, हे जगातल्या कुठल्याही अध्यक्षाला कळतं. स्वरूपाचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो मी कोपऱ्यात पिनने टाचला आणि त्याच्याखाली रांगेचा आणि खुर्चीचा नंबर घातला.

पहिलं पान झकास उतरलं. दुसऱ्या पानावर 'सबब' आला. सबबच्या आधी कारण द्यावं लागतं. मी पेन धरून बसलो. मग मी लिहिलं ते असं : 'सदर मुलगी तीन वर्षे घरी आलेली नाही. फोनवर ती मजेत असल्याचे सांगते, तथापि त्याची पडताळणी करण्याचे अन्य साधन अर्जदाराकडे उपलब्ध नाही. अर्जदारास तिची फार आठवण येते. सबब, कॅमेरा काही सेकंद तिकडे वळवून उपकृत करावे.'

ही ओळ माझ्या हातून कशी गेली मला कळलं नाही. खोडणार होतो, पण खाडाखोड असलेला अर्ज मी कुणाचा कधी स्वीकारला नव्हता. शिवाय मराठी तिथं वाचणार कोण? या भरवशावर ती ओळ तशीच राहिली.

गेणबांनी कळसहून त्रेचाळीस सह्या आणल्या. त्यातले सात अंगठे. एका सहीपुढे 'ऊस गट नंबर' असंही कुणीतरी लिहून ठेवलं होतं. ताजबीने पाकिटावर कोरियन अक्षरांत पत्ता काढला, कशिदा काढावा तसा सावकाश, आणि अर्जाच्या शेवटी एक कोरियन वाक्य आपल्या मनाने घातलं.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"मालिकेत बाप गुडघ्यावर बसून म्हनतो त्ये हाय, भाऊसाब," ती म्हणाली. "ह्ये म्हनलं की समोरचं मानूस कसं बी आसू दे, इरगळतंच."

मी आयुष्यात कुणापुढे गुडघ्यावर बसलेलो नाही. पण आता पाकीट चिकटवून झालं होतं.

कुरिअरच्या दुकानात नागेश म्हणून पोरगेलासा मालक बसतो. त्याने पत्ता पाहिला आणि पाकीट परत केलं. इंग्रजीतही पाहिजे. इंग्रजीत लिहून नेलं, तर म्हणे पिनकोडचा एक आकडा राहिलाय. मी सांगितलं, कोरियात पाचच असतात. तो म्हणाला, "काका, पिनकोड सहाचा असतो." मी घरी येऊन खात्री केली, परत गेलो, पाचच असतात. मग तो म्हणाला, आत काय आहे ते लिहा. मी 'अर्ज' लिहिलं. कसला? कॅमेरा वळवण्याचा. कुणाकडं? माझ्या मुलीकडं. का? मागे सात माणसं उभी होती आणि सातही जण आता उत्तराची वाट बघत होते. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून आपलं घरचं दुःख सातजणांसमोर सांगावं लागतं तेव्हा काय वाटतं, याचा मला एकतीस वर्षांत अंदाज आला नव्हता. मी हळू आवाजात म्हणालो, "कागदपत्रे लिही बाबा." नागेशने लिहिलं.

पाकीट पोचल्याचा संदेश दहा दिवसांनी आला. उत्तर काही आलं नाही. देगूचा एक सामना गेला, दुसरा गेला, कॅमेरा चेंडूच्याच मागे. भिंतीवरच्या तक्त्यात देगू बाराव्या जागी जाऊन बसला होता तो तिथून हलेना. गेणबा रोज फोन करून विचारत, "पोच आली का? पोच तरी द्याया पायजे. ही काय पद्धत झाली?" स्वरूपाला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. रविवारी ती म्हणायची "मजेत", मी म्हणायचो "जेवलीस का".

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. देगूच्या घरच्या मैदानावर, आपल्याकडे सकाळी साडेदहाला. जिंकलं तर वाचायची काहीतरी आशा, नाहीतर खालची लीग. चाँदभाईंनी दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही भिंतीवरून उतरवून मध्ये मांडला. कळसहून एक टेम्पो भरून माणसं आली. सह्या केल्या होत्या, म्हणजे आता ते संबंधित होते. एक नवरा-बायको लोणी भापकरहून नेमका तोच टीव्ही विकत घ्यायला आले. चाँदभाई त्यांना म्हणाले, "बसा. साडेबाराच्या आत ह्यो विकायचा न्हाय." ते बसले. अर्ध्या तासात ते दोघंही देगूसाठी पाय आपटत होते.

कारण ती टूम गेणबांनी काढली होती. तिकडे पत्रा वाजला, की इकडे दुकानात सगळ्यांनी दोनदा पाय आपटायचे. वरच्या फळीवरचे मिक्सर हलत होते. देगू मागे पडला, तेव्हा मी पहिल्यांदाच टाळी वाजवली नाही. माझ्या लक्षात आलं, की मला हा संघ जिंकायला हवा होता. पोरीचा होता तो.

मध्यंतरानंतर चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला आणि कॅमेरा वळला.

तो हळूहळू जाळ्यामागच्या गर्दीवरून सरकला, जवळ गेला आणि थांबला. सातव्या रांगेत आकाशी मफलर घातलेली आमची स्वरूपा उभी होती. फोनमध्ये दिसते त्याहून मोठी, चांगली हातभर. दोन्ही हातांनी तिने एक पुठ्ठा डोक्यावर धरला होता आणि त्यावर काळ्या, ठळक, मराठी अक्षरांत लिहिलं होतं :

'अर्ज मिळाला. विचाराधीन.'

खाली तिची सही, आणि शेजारी लाल खडूने काढलेला गोल शिक्का.

दुकानात जो गलका झाला त्याने बाहेर रस्त्यावर माणसं थांबली. लीलाने तोंडाला पदर लावला. गेणबा दोन्ही हात वर करून नाचले, आणि मग एकदम खाली बसून माझ्याकडे वळले. सतरा वर्षं ज्या क्षणाची त्यांनी वाट पाहिली होती तो आला होता.

"काय दाजी," ते म्हणाले, "कसा वाटला शेरा?"

हजारो अर्जांवर मी तो शब्द लिहिला होता. माझ्या अर्जावर तो पहिल्यांदाच आला. नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही, आणि आता रोज सकाळी उठून वाट बघायची. गेणबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य गिळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "व्हतंय, दाजी. इचार चालू हाय म्हंजी व्हतंय."

सामना बरोबरीत सुटला. बरोबरी पुरेशी नव्हती. शिट्टी वाजली, आकाशी कपड्यातली पोरं मैदानावर जागच्या जागी बसली, आणि दुकानात पाय आपटणं बंद झालं. कळसचा एकजण म्हणाला, "आता हो? खालच्या लीगात कोन बघनार?" गेणबा त्याच्यावर खेकसले, "कारखाना तोट्यात गेला म्हनून शेअर काढून घेतला व्हतास का रं?"

तेवढ्यात कॅमेरा रडणाऱ्या गर्दीवरून फिरत गेला. या वेळी तो कुणाच्या अर्जावरून वळला नव्हता. सातव्या रांगेत स्वरूपा बसली होती. पुठ्ठा मांडीवर पालथा पडला होता. ती रडत होती, लहानपणी रडायची तशीच, खालचा ओठ बाहेर काढून, कोण बघतंय याची पर्वा न करता. शेजारी एक कोरियन आजी होती, तिच्याही गळ्यात तोच मफलर. आजी रडत रडत संत्रं सोलत होती. तिने एक फोड काढली आणि न विचारता स्वरूपाच्या तोंडात कोंबली. स्वरूपाने ती खाल्ली. रडता रडता चावत राहिली. आजीने दुसरी फोड पुढे केली.

तीन-चार सेकंद असतील. मग जाहिरात आली.

"खातीया," लीला म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. दिवा जागच्या जागी, केस विंचरलेले, हसू वेळेवर. क्लबातला एक मनुष्य पाकीट घेऊन गेल्या सामन्याला रांगेत आला होता, फोटो आणि तिचा चेहरा तीनदा ताडून बघत होता, हे तिने सांगितलं. शेजारच्या आजीने त्याच्यासमोरच अर्ज मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये वाचून दाखवायला लावला, त्रेचाळीस सह्यांसकट.

"सगळा वाचलास?" मी विचारलं.

"दुसरं पान नाही जमलं वाचायला," ती म्हणाली. हसू जरा हललं. "बाबा, सुट्टीचं खरंच बघतेय. प्रोजेक्ट संपेल कधी ते सांगता येत नाही अजून."

"सावकाश. घाई नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "म्हणजे, आहे. पण सावकाश."

मी फोन लीलाकडे दिला.

रात्रीच्या भाकरी थापताना लीला म्हणाली, "आज तुमी तिला जेवलीस का म्हनून इचारलं न्हाय."

"पाहिलं की आपण," मी म्हणालो, आणि भिंतीवरचा वरच्या लीगचा तक्ता काढून तिथं खालच्या लीगचा चिकटवायला खळ शोधू लागलो.